राशोमोन : चित्रपटाबाहेरच्या साक्षी

या लेखाची सुरुवात एका चुकीपासून करायला हवी, आणि ती चूक माझीच आहे. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या फिल्म सोसायटीच्या वार्षिक पुस्तिकेसाठी मी अकिरा कुरोसावांच्या 'राशोमोन'वर दोन पानांचं टिपण लिहिलं होतं. त्यात मी असं म्हटलं होतं की, जपानमध्ये हा चित्रपट साफ पडला, तिथल्या समीक्षकांनी तो झिडकारला, व्हेनिसच्या परीक्षकांनी त्याला सुवर्णसिंह दिला आणि मग कुठे जपानी लोकांचे डोळे उघडले. हे मी कुठून घेतलं ते नेमकं सांगता येणार नाही, कारण ते सगळीकडेच होतं. चित्रपट दाखवण्यापूर्वी वाटल्या जाणाऱ्या सायक्लोस्टाइल पत्रकांत होतं, रसास्वाद शिबिरांतल्या भाषणांत होतं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत होतं. पुढे माझी ती वाक्यं दुसऱ्या दोन लेखांत जशीच्या तशी उतरलेली दिसली. आधी जरा बरं वाटलं. नंतर खरं काय ते कळलं, तेव्हा घाम फुटला.

मी काही या विषयाचा पदवीधर नाही. नोकरी करता करता जमेल तसं वाचत, पाहत आलो. जपानी चित्रपटांचा अभ्यास भाषांतरांच्या आधारानं केला. पण भाषांतरांतूनसुद्धा साक्षीदार एकमेकांसमोर उभे करता येतात. कुरोसावांचं आत्मचरित्र, 'राशोमोन'चे सहलेखक शिनोबू हाशिमोतो यांच्या आठवणी आणि चित्रीकरणाच्या वेळी पटकथेच्या नोंदी ठेवणाऱ्या तेरुयो नोगामी यांचं पुस्तक अशी तीन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, तेव्हा एक गमतीची गोष्ट ध्यानात आली. ज्या चित्रपटात एकाच घटनेच्या चार साक्षी आहेत, त्या चित्रपटाच्या जन्माच्याही तितक्याच साक्षी आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. काळ जपानच्या हेइआन कालखंडाचा, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. क्योतोच्या पडक्या वेशीखाली धो धो पावसात तिघे जण आडोशाला थांबलेत : एक लाकूडतोड्या, एक भिक्षू आणि एक बेरकी वाटसरू. जंगलात एका सामुराईचा मृतदेह सापडला आहे. त्याच्या बायकोवर एका दरोडेखोरानं बलात्कार केला आहे. न्यायालयाच्या अंगणात दरोडेखोर, ती स्त्री आणि माध्यमाच्या अंगात आलेला खुद्द मृत सामुराई अशा तिघांच्या जबान्या होतात. न्यायाधीश आपल्याला दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. साक्षीदार थेट आपल्याकडे पाहून बोलतात. सगळ्यात शेवटी लाकूडतोड्या कबूल करतो की, त्यानंही सारं पाहिलं होतं, आणि तो चौथी हकिकत सांगतो.

'राशोमोन'चं नाव घेतलं की 'ज्याचं त्याचं सत्य' असं म्हणून विषय संपवायची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. साक्षीदार सहसा गुन्हा अंगावरून झटकायला खोटं बोलतो. इथे उलट आहे. दरोडेखोर म्हणतो, मी त्याला द्वंद्वात मारलं, तेवीस वार झाले, इतका तो शूर होता. बायकोच्या सांगण्याचा रोख असा की, तिच्याच हातून खंजीर चालला. मेलेला नवरा म्हणतो, मी स्वतःच तो खुपसून घेतला. तिघंही खून स्वतःच्या नावावर घेतात. आपल्या मनात आपलं जे चित्र आहे त्याला तडा जाऊ नये, एवढ्यासाठी हे खोटं बोलणं आहे. आणि लाकूडतोड्याच्या हकिकतीत तेच द्वंद्व कसं दिसतं? दोन घाबरलेली माणसं थरथरत्या हातांनी तलवारी परजतात, अडखळतात, मातीत लोळतात. एवढं सांगणाऱ्या लाकूडतोड्यानंही एक गोष्ट लपवलेली असते : मोत्यांनी मढवलेला तो खंजीर त्यानंच चोरलेला असतो. म्हणजे चित्रपटात प्रेत खरं आहे आणि खंजीर नाहीसा झाला हेही खरं आहे. सत्य नसतंच, असं हा चित्रपट कुठे म्हणत नाही. ते सांगणाऱ्याचा मान आडवा येतो, एवढंच म्हणतो.

आता चित्रपटाबाहेर येऊ.

मूळ ऐवज र्यूनोसुके आकुतागावा यांच्या दोन लघुकथांचा. 'राशोमोन' ही १९१५ची कथा. वेशीचं नाव, पाऊस, दुष्काळानं उजाड झालेली राजधानी आणि माणसाच्या अंगावरची वस्त्रं ओरबाडून नेण्याचा प्रसंग त्यातून आला. जबान्यांचा भाग 'झाडीत' या १९२२च्या कथेतला. त्या कथेत सात साक्षी आहेत आणि त्या तिथेच संपतात, निवाडा नाही. लाकूडतोड्याची शेवटची हकिकत आणि वेशीखाली टाकून दिलेलं तान्हं मूल ही चित्रपटाची भर.

पटकथेचा पहिला खर्डा हाशिमोतोंचा. हा माणूस विलक्षण. सैन्यात गेला, क्षयरोग झाला म्हणून सैनिकांच्या आरोग्यधामात पडून राहिला. तिथे शेजारच्या खाटेवरच्या रुग्णानं वाचायला दिलेल्या मासिकात एक पटकथा छापलेली होती. ती वाचून त्याला वाटलं, हे तर मलाही जमेल. जपानमधला सगळ्यात मोठा पटकथाकार कोण, असं विचारून त्यानं मानसाकू इतामी यांना लिखाण पाठवलं आणि त्यांनी त्याला शिष्य म्हणून पत्करलं. एका कंपनीत हिशेबनीस म्हणून काम करत त्यानं लिखाण चालू ठेवलं. 'झाडीत'वरून त्यानं जी छोटी पटकथा लिहिली, ती फिरत फिरत कुरोसावांच्या हाती आली. पटकथा चांगली होती, पण चित्रपटाला अपुरी होती.

तिची लांबी वाढवायला 'राशोमोन' ही दुसरी कथा जोडायची, हे कुणाला सुचलं? इथे पहिल्या दोन साक्षी. कुरोसावा आत्मचरित्रात म्हणतात की, 'झाडीत'मध्ये आणखी एक गोष्ट घातली तर लांबी बेताची होईल असं त्यांना वाटलं आणि मग त्यांना 'राशोमोन' आठवली. हाशिमोतो म्हणतात, कुरोसावांनी लांबी कमी पडतेय असं म्हटल्याबरोबर 'मग राशोमोन घातली तर?' हे त्यांच्याच तोंडून निघून गेलं. नंतर ते आजारी पडले आणि शेवटचा हात कुरोसावांनी फिरवला. दोघांपैकी कुणी लबाड आहे असं मला वाटत नाही. एका खोलीत दोन माणसं तासन् तास बोलत बसली की कल्पना कुणाची, हे दोघांनाही मनापासून आपलंच वाटू शकतं. पण नोंद करणाऱ्यानं दोन्ही साक्षी नोंदवायच्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक लेखनात फक्त कुरोसावांची आहे, कारण त्यांचं पुस्तक इंग्रजीत १९८२ सालीच आलं. हाशिमोतोंचं पुस्तक यायला २००६ उजाडलं आणि इंग्रजीत ते त्यानंतर आणखी बऱ्याच वर्षांनी पोहोचलं. जो आधी भाषांतरित होतो त्याची साक्ष आधी ग्राह्य धरली जाते.

कुरोसावा 'दाइएइ' कंपनीकडे कसे आले, हेही पाहायला हवं. त्यांचं घर म्हणजे 'तोहो'. युद्धानंतर तोहोत एकामागून एक संप झाले. १९४८चा संप तर पोलीस आणि अमेरिकन फौज स्टुडिओच्या फाटकाशी आणून मोडला गेला. त्या राड्यानंतर कुरोसावा बाहेर पडले आणि कंपनी कंपनी फिरत एकेक चित्रपट करू लागले. १९५०च्या उन्हाळ्यात 'राशोमोन' क्योतोच्या दाइएइ स्टुडिओत सुरू झाला.

कंपनीला त्यांनी पटवलं ते खर्चाच्या मुद्द्यावर. देखावे किती? एक वेस आणि न्यायालयाच्या अंगणाची एक भिंत. बाकी सगळं जंगलात. कंपनी खूश झाली. मग ती वेस वाढत वाढत एवढी अवाढव्य झाली की, वर पूर्ण छप्पर घातलं असतं तर खांबांना ते पेललं नसतं. म्हणून छप्पर अर्धवट पडलेलं दाखवलं. आपण ज्याला उद्ध्वस्त काळाचं प्रतीक वगैरे म्हणतो, त्यामागे सुतारकामाची अशी अडचणही होती. कंपनीच्या एका अधिकाऱ्यानं पुढे कुरकुर केली की, यापेक्षा शंभर देखावे उभारले असते तर परवडलं असतं. पावसासाठी अग्निशमन दलाचे बंब आणले. उजळ आभाळाच्या पार्श्वभूमीवर पाण्याच्या धारा दिसेनात, म्हणून पाण्यात काळी शाई कालवली.

जंगल नाराचं. तिथे झाडांवरून जळवा टपकत. मुक्कामाच्या खाणावळीच्या दाराशी मिठाचं भांडं ठेवलेलं असे, रोज निघताना मंडळी मानेला, हातांना मीठ चोळून घेत. छायालेखक काझुओ मियागावा यांनी त्या दाट सावलीत आरसे लावून ऊन आत आणलं आणि पानांच्या जाळीतून कॅमेरा थेट सूर्यावर रोखला. तोवर असं करणं वर्ज्य होतं, भिंगातून शिरलेलं ऊन फिल्म जाळून टाकील अशी भीती होती. लाकूडतोड्या खांद्यावर कुऱ्हाड टाकून जंगलात शिरतो तो सुरुवातीचा लांबलचक भाग मी कितीदा पाहिला असेल याचा हिशेब नाही. त्यात एकही शब्द नाही. उन्हाच्या कवडशांत कुऱ्हाडीचं पातं चमकतं आणि आपल्याला कळतं की आपण रस्ता सोडला आहे. मात्र त्यामागचं फुमिओ हायासाका यांचं संगीत रावेलच्या 'बोलेरो'च्या फार जवळ जातं, ही तेव्हाच्या पाश्चात्त्य समीक्षकांची तक्रार मला रास्त वाटते. कुरोसावांनीच त्यांना बोलेरोसारखं काहीतरी करा म्हणून सांगितलं होतं.

चित्रीकरणापूर्वी तीन सहायक दिग्दर्शक कुरोसावांकडे आले आणि म्हणाले, पटकथा कळत नाही. त्यांनी समजावून सांगितलं की, माणूस स्वतःबद्दल स्वतःशीही प्रामाणिक राहू शकत नाही, रंग चढवल्याशिवाय त्याला स्वतःविषयी बोलताच येत नाही, आणि पटकथा त्याचीच आहे. दोघांचं समाधान झालं. तिसऱ्याचं झालं नाही. तो शेवटपर्यंत नाराज राहिला आणि चित्रीकरणातून बाजूला झाला. ऐन शेवटच्या टप्प्यात स्टुडिओला आग लागली. नोगामीबाईंनी त्या धावपळीचं वर्णन केलं आहे. फिल्म तेव्हा नायट्रेटची, ठिणगी पडली की भडकणारी. ती वाचली. ऑगस्ट १९५०च्या शेवटच्या आठवड्यात चित्रपट तोक्योत लागला.

आणि इथे माझी चूक येते. तो 'साफ पडला' नव्हता. दाइएइच्या त्या वर्षीच्या चित्रपटांत त्याची कमाई बरी म्हणावी अशी होती. आणि समीक्षकांनी झिडकारला? 'किनेमा जुम्पो' या जपानमधल्या सर्वांत प्रतिष्ठित चित्रपट नियतकालिकात समीक्षकांच्या मतांवरून दर वर्षी उत्तम दहा चित्रपटांची यादी लागते. १९५०च्या जपानी चित्रपटांच्या यादीत पहिला क्रमांक तादाशी इमाई यांच्या 'पुन्हा भेटू तोवर' या युद्धकाळातल्या प्रेमकथेचा होता आणि 'राशोमोन' पाचवा होता. व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला त्याच्या काही महिने आधी ही यादी लागली होती. पाचवा क्रमांक म्हणजे डोक्यावर घेणं नव्हे, पण झिडकारणंही नव्हे. एवढी एक यादी पाहिली असती तरी माझी ती वाक्यं टळली असती. कथेतल्या प्रेतासारखीच ही यादी. साक्षी काहीही होवोत, ती तिथे आहे.

मग ही दंतकथा आली कुठून? तिच्या मुळाशी खुद्द कुरोसावाच आहेत असं मला वाटतं. त्यांना लागलेला घाव खरा होता. दाइएइचे अध्यक्ष मासाइची नागाता यांना चित्रपट आवडला नव्हता. कळत नाही म्हणाले आणि ज्या अधिकाऱ्यानं व निर्मात्यानं हा उद्योग मार्गी लावला त्यांना खालच्या पदावर टाकलं, असं कुरोसावा सांगतात. त्यानंतर त्यांनी 'शोचिकु'साठी दोस्तोयेव्स्कीच्या 'इडियट'वर चित्रपट केला. कंपनीनं तो निर्दयपणे कापला आणि तो खरोखरच आपटला. त्या धक्क्यात दाइएइनं पुढच्या चित्रपटाचा प्रस्ताव मागे घेतला. आपला हा अनुभव कुरोसावांनी पुढे सगळ्या जपानला लावला. आम्हा जपान्यांना आपल्याच वस्तूंची किंमत का कळत नाही, लाकडी ठशांची चित्रंसुद्धा पाश्चात्त्यांनी वाखाणल्यावरच आम्ही उचलली, असा त्यांचा सूर आहे. एका कंपनीच्या अध्यक्षाचा राग त्यांनी देशावर काढला. दुखावलेल्या माणसाची साक्ष म्हणून मी ती समजू शकतो. पण पुरावा म्हणून ती तशीच घेता येत नाही.

आता व्हेनिस. ज्युलियाना स्त्रामिज्योली हे नाव मराठीत मी तरी कुठे वाचलेलं नाही. त्या इटालियन, जपानी भाषा-साहित्याच्या अभ्यासक. तरुणपणी शिकायला म्हणून जपानला आल्या आणि दीर्घकाळ तिथे राहिल्या. तोक्योत इटालियन शिकवत आणि युद्धोत्तर काळात इटालियन चित्रपट जपानमध्ये आणणाऱ्या 'इटालीफिल्म'च्या तिथल्या प्रतिनिधी होत्या. व्हेनिसनं १९५१च्या महोत्सवासाठी जपानकडे चित्रपट मागितला. स्त्रामिज्योलींनी 'राशोमोन' पाहिला आणि याचीच शिफारस केली. कंपनीला आणि सरकारी मंडळींना ते पटेना. हा चित्रपट जपानी सिनेमाचा प्रतिनिधी नाही, पाठवायचाच तर यासुजिरो ओझूंचा पाठवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. स्त्रामिज्योली आपल्या मतावर ठाम राहिल्या. चित्रपट व्हेनिसला गेला. कुरोसावांना याचा पत्ताही नव्हता.

त्या वर्षी व्हेनिसला रेन्वारचा बंगालमध्ये चित्रित झालेला 'द रिव्हर' होता, ब्रेसाँचा 'डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट' होता, एलिया काझानचा 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' होता. या मांदियाळीतून १० सप्टेंबर १९५१ रोजी सुवर्णसिंह 'राशोमोन'ला मिळाला. ही तारीख पाहा. दोनच दिवस आधी, ८ सप्टेंबरला, सान फ्रान्सिस्कोत जपानबरोबरच्या शांतता करारावर सह्या झाल्या होत्या. (भारत तिथे गेला नाही, आपण जून १९५२मध्ये वेगळा करार केला.) सहा वर्षं परकीय ताब्यात असलेला, ज्याच्या चित्रपटांच्या पटकथा अमेरिकन अधिकारी तपासत, असा हा देश. तलवारी, सरदारनिष्ठा, सूड यांचं गुणगान करणाऱ्या ऐतिहासिक चित्रपटांवर बंधनं होती. कुरोसावांचाच १९४५चा 'वाघाच्या शेपटीवर पाय देणारे' १९५२पर्यंत अडकून पडला होता. 'राशोमोन'मध्येही तलवारी आहेत, पण त्या थरथरतात. परीक्षकांच्या मनात ते राजकारण होतं असं मी म्हणणार नाही. पण तोक्योतल्या सामान्य माणसानं त्या आठवड्यात दोन बातम्या लागोपाठ वाचल्या, हे विसरून त्या पारितोषिकाचा तिथला आनंद कळणार नाही.

'पाश्चात्त्यांना तोवर जपानी चित्रपट ठाऊकच नव्हता' हेही असंच एक लाडकं वाक्य. १९३८मध्ये याच व्हेनिसला तोमोताका तासाका यांच्या 'पाच टेहळे' या युद्धपटाला पारितोषिक मिळालं होतं. तो मुसोलिनीचा इटली होता, मैत्रीतल्या राष्ट्रांचं कौतुक चालू होतं. ती आठवण पुढे कुणालाच नको होती. त्याच्या एकच वर्ष आधी, १९३७मध्ये, आपला प्रभातचा 'संत तुकाराम' तिथे गाजला होता. त्याचं प्रशस्तिपत्र मधली कित्येक वर्षं बेपत्ता होतं आणि २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे परत आलं. अशा हरवण्या-सापडण्याच्या कहाण्या फक्त परदेशातच घडतात असं नाही.

पारितोषिकाची बातमी कुरोसावांना कशी कळली, तो प्रसंग त्यांनी रंगवून सांगितला आहे. दाइएइनं हात झटकलेले. विषण्ण होऊन ते घराकडे पायी निघाले. आता बराच काळ काम मिळणार नाही हे दिसत होतं. वाटेत तामा नदीवर गळ टाकून बसले, तर पहिल्याच झटक्याला दोरी तुटली. दिवसच वाईट, असं म्हणत घरी आले, तो दारातच बायको म्हणाली, अभिनंदन. कसलं? 'राशोमोन'ला व्हेनिसचं पारितोषिक मिळालं. आपला एक चित्रपट इटलीत गेला होता हे त्यांना तेव्हा कळलं. मग आणखी एक वर्ष शिळ्या भातावर काढायची पाळी टळली. पुढच्याच वर्षी तोहोत 'इकिरू' झाला.

जानेवारी १९५२ लागायच्या आत चित्रपट अमेरिकेत पोहोचला आणि त्या मार्चमध्ये त्याला ऑस्करचा मानाचा विशेष पुरस्कार मिळाला. कलकत्त्यात सत्यजित राय यांनी तो लागोपाठ तीन दिवस पाहिला, तेव्हा 'पथेर पांचाली'चं चित्रीकरण सुरू व्हायचं होतं. १९५४मध्ये मद्रासला एस. बालचंदर यांनी 'अंद नाळ' हा एकही गाणं नसलेला तमिळ चित्रपट केला. त्यातही एका खुनाभोवती वेगवेगळ्या हकिकती येतात आणि त्याचं नातं 'राशोमोन'शी जोडलं जातं.

आणि नागाता? कळत नाही म्हणणाऱ्या याच गृहस्थांनी आता व्हेनिस आणि कान हा धंदाच करायचं ठरवलं. दाइएइनं ऐतिहासिक वेशातले, देखणे, परदेशी डोळ्यांना भावतील असे चित्रपट मोजूनमापून काढले. १९५३मध्ये मिझोगुचींच्या 'उगेत्सु'ला व्हेनिसचा रौप्यसिंह मिळाला, १९५४मध्ये 'नरकाचं द्वार'ला कानचं सर्वोच्च पारितोषिक. दोन्हींत 'राशोमोन'मधली माचिको क्योच होती. हिशेबी हेतूंतूनही उत्तम कलाकृती निघतात. 'उगेत्सु' तर मला 'राशोमोन'पेक्षा सरस वाटतो. पण परदेशात जपानी चित्रपट म्हणजे किमोनो, तलवारी आणि धुकं असं जे समीकरण बसलं, ते याच वर्षांत. कुरोसावांनाही ते खटकत होतं. आजच्या जपानवरच्या, 'बायसिकल थीव्ह्ज'सारख्या एखाद्या चित्रपटाला हे पारितोषिक मिळालं असतं तर अधिक आनंद झाला असता, असं ते बोलून दाखवत.

या सगळ्यात माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट आहे ती ओझूंची. 'राशोमोन' नको, ओझू पाठवा म्हणणाऱ्यांना आपण मठ्ठ ठरवून मोकळे होतो. मीही झालो होतो. पण किनेमा जुम्पोच्या याद्या पाहा. १९४९चा पहिला क्रमांक ओझूंच्या 'लेट स्प्रिंग'चा, १९५१चा पहिला क्रमांक त्यांच्याच 'अर्ली समर'चा. मधल्या वर्षी 'राशोमोन' पाचवा. १९५३मध्ये ओझूंचा 'तोक्यो स्टोरी' आला. म्हातारे आईबाप मुलांना भेटायला शहरात येतात, मुलांना वेळ नसतो, एवढंच. आपल्या घराघरांतली गोष्ट. तो लंडनमध्ये गौरवला गेला १९५८ साली आणि अमेरिकेत रीतसर प्रदर्शित व्हायला १९७२ उजाडलं. ओझू त्याआधीच, १९६३मध्ये, गेले होते. २०१२ साली 'साइट अँड साउंड' मासिकानं जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, त्यात सर्वोत्तम चित्रपट म्हणून पहिला आला तो 'तोक्यो स्टोरी'. म्हणजे १९५१मध्ये ओझूंचं नाव सुचवणाऱ्या मंडळींची पारख चुकीची नव्हती. त्यांची साक्ष कुणी घेतली नाही, इतकंच. १९५१च्या व्हेनिसमध्ये ओझू चालला असता का, कोण जाणे. स्त्रामिज्योलींची निवड त्या जागी, त्या क्षणी अचूक होती. तरीही 'जपान्यांना कळलं नाही, युरोपला कळलं' हे वाक्य दोन्ही बाजूंनी खोटं ठरतं. युरोपला ओझू कळायला काही वर्षं लागली आणि अमेरिकेला त्याहून जास्त.

कुरोसावांचं आत्मचरित्र 'राशोमोन'शी येऊन थांबतं. कारण म्हणून ते एक प्रसंग सांगतात. बऱ्याच वर्षांनी दूरदर्शन संचावर 'राशोमोन' दाखवला गेला, सोबत कंपनीच्या अध्यक्षांची मुलाखत. अध्यक्ष अभिमानानं सांगत होते की, हा चित्रपट आपल्यामुळे झाला आणि कॅमेरा प्रथमच थेट सूर्यावर रोखला गेला. दिग्दर्शकाचं नाव नाही, छायालेखकाचं नाव नाही. कुरोसावांना वाटलं, आपण पुन्हा 'राशोमोन'च पाहत आहोत. आणि लगेच त्यांना स्वतःविषयीही शंका आली. आपण तरी या पुस्तकात स्वतःबद्दल खरं सांगितलंय का? पुढचं लिहायला लेखणी धजेना. माझ्यापुरतं सांगायचं तर ही कबुली वाचल्यावर त्यांच्या आधीच्या चारशे शब्दांच्या तक्रारीचाही मला राग राहिला नाही.

एकेक साक्षीदार गेले. दाइएइ १९७१मध्ये बुडाली. स्त्रामिज्योली पुढे रोमच्या विद्यापीठात जपानी शिकवत राहिल्या आणि १९८८मध्ये वारल्या. हाशिमोतो २०१८ साली गेले, वयाची शंभरी पूर्ण करून. चित्रपटाची जुनी प्रत दुरुस्त होऊन २००८मध्ये पुन्हा लख्ख झाली आहे. आमच्या सोसायटीनं ती गेल्या पावसाळ्यात दाखवली, तेव्हा पत्रक मीच लिहिलं. जुन्या पुस्तिकेची माझ्याकडे एकच प्रत उरली आहे. तिच्या समासात, त्या वाक्यांच्या शेजारी, पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे : 'पाचवा क्रमांक, किनेमा जुम्पो, १९५०.'